ताप गावात कधी आला

जूनच्या शेवटच्या सोमवारी सकाळी रुस्का पाव आणायला निघाली, तेव्हा फाटकावर तिचंच निधनाचं पत्रक चिकटवलेलं होतं.

ब्रेस्तोवोत माणूस गेलं की घराच्या फाटकावर, बसथांब्यावर, चौकातल्या लिंडनच्या झाडांवर काळ्या चौकटीचे असे कागद लागतात. रुस्काच्या फाटकावर आधीच एक होता, तिच्या आईचा. त्याच्याशेजारी आता हा दुसरा. फोटो फेसबुकवरून उचललेला, इटलीतल्या फेर्राराच्या चौकात गॉगल घालून काढलेला. खाली छापलं होतं: ‘रुस्का मारिनोवा, वय चौपन्न. हिने गावात ताप आणला. देव तिला क्षमा करो, आम्ही करणार नाही.’

समोरच्या घरातला पडदा हलला. दोब्रा मावशी बघत होती.

रुस्काने कागद नीट वाचला. मग पडद्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “फोटो तरी चांगला निवडलाय मेल्यांनी!”

आईच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला. आपला कागद तसाच ठेवला आणि पाव आणायला गेली. बेकरीवाली हल्ली तिच्या हातात पाव देत नसे, काउंटरवर ठेवून मागे सरकायची. रुस्का मुद्दाम तिथेच उभी राहून पावाचा शेंडा मोडून खायची आणि खाताना बेकरीवालीच्या डोळ्यांत बघायची.

पण घरी येऊन दार लावलं की हा ताठा टिकत नसे. आदल्याच दिवशी आईला जाऊन चाळीस दिवस झाल्याचा विधी, चाळिसावा, झाला होता. तिने गहू उकडले, अक्रोड-साखर घातली, चर्चच्या आवारात टेबल मांडलं, तीस वाट्या मांडल्या. पाद्री आला आणि घाईने गेला. बाकी कुणी फिरकलं नाही. उरलेले गहू तिने टोपलीतून घरी आणले होते आणि ते फेकवत नव्हते.

घडलं होतं ते असं. रुस्का अकरा वर्षं इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. एप्रिलच्या शेवटी आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिला गावच्या इस्पितळात ठेवलं. नऊ मेला रुस्का बसने आली. चौदाला आईला ताप चढला, डोळे लाल झाले, अंगावर निळसर डाग उठले. एकोणीसला आई गेली. वीसला रुस्का स्वतः तापाने आडवी झाली. तिला भावंडं नव्हती. शेजारच्या जिल्ह्यात नर्स असलेल्या मामेबहिणीने तिला आपल्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं, म्हणून ती वाचली. तिथल्या डॉक्टरांना ताप ओळखू येईना, त्यांनी तिचं रक्त राजधानीत, सोफियाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे सापडला तो विषाणू आधी कुणी पाहिलेला नव्हता.

म्हणजे रक्त तपासलं गेलेली पहिली व्यक्ती रुस्का. आणि दोन दिवसांनी ब्रेस्तोवो इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर तोशेव कॅमेऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, “पहिली रुग्ण मे महिन्यात परदेशातून आली.” त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. मेमध्ये इटलीहून गावात उतरलेली बाई एकच होती. जूनअखेर चौदा माणसं गेली होती आणि तापाला लोक ‘इटालियन’ म्हणू लागले होते.

रुस्का रस्त्यात सगळ्यांना पुरून उरायची. मात्र बसमध्ये शेजारी बसलेला तो खोकणारा माणूस तिला रोज आठवायचा. आईच्या उशाशी आपणच तर मरण घेऊन बसलो नव्हतो ना, हा प्रश्न तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

त्या सोमवारी तिने सोफियाला फोन लावला. रक्त संशोधनाला वापरायची परवानगी मागताना प्रयोगशाळेने नंबर दिला होता.

“मी रुस्का मारिनोवा. तुमची पहिली बाई. मला एकच विचारायचंय. माझ्या रक्तात सापडलेलं ते इटलीतून आलं का?”

पलीकडची बाई म्हणाली, “मी इस्क्रा वेलिनोवा. तुमचा नमुना मीच तपासला. इटलीत हा विषाणू अजून कुणालाही सापडलेला नाही, बाई.”

“मग हे कुणी सांगत का नाही?”

“आम्ही तुमच्या इस्पितळाला लिहिलं. दोनदा.”

“आणि?”

“पत्र मिळाल्याची पोच आली.”

“वा! पोच तरी आली,” रुस्का म्हणाली. “इथे मी मेल्याची पत्रकं लागलीत, डॉक्टरबाई. तुम्ही इकडे या. माझ्या घरी उतरा. मी चावत नाही.”

इस्क्रा जुलैच्या मध्यावर खरंच आली. चाळिशीच्या आतली, सडपातळ, उन्हाने नाक सोललेली बाई. रुस्काने स्वयंपाकघरात टेबलावर कलिंगड कापलं, बाजूला खारं चीज ठेवलं. इस्क्राने मागेपुढे न बघता तिच्याच ताटलीतून फोड उचलली. दीड महिन्यात आपल्या घरात कुणी काही खाल्लेलं रुस्का पहिल्यांदाच बघत होती. ती उगाच चाकू धुवायला उठली.

“आता सांगा. एवढ्याशा रक्तातून तारीख कशी काढता?”

इस्क्राने जरा विचार केला. “शाळेत असताना ती पत्रं यायची, आठवतात? संताच्या नावाची. नऊ जणांना लिहून पाठवा, नाहीतर घरावर संकट.”

“न आठवायला काय झालं! मी अठरा लिहिली होती. भीतीने.”

“लिहिताना चुका व्हायच्या?”

“व्हायच्या की. एकदा मी ‘समुद्र’च्या जागी ‘सासू’ लिहिलं.”

“मग तुमच्या पत्रावरून जो लिहील त्याच्याकडेही सासूच. आणि तो आपली एक नवी चूक घालेल. विषाणूचं तसंच आहे. माणसामाणसांतून जाताना तो स्वतःची नक्कल करतो आणि अधूनमधून चुकतो. हा आपला विषाणू महिन्याला साधारण दोन चुका करतो. गावातल्या एकतीस जणांचे नमुने माझ्याकडे आहेत. सगळे एकमेकांशी ताडून पाहिले. कुणात कुठली चूक आहे, कुठली सामाईक आहे, कुठली नवी आहे. जेवढा फरक, तेवढा काळ. उलट मोजत गेलं की सगळ्यांचं मूळ पत्र कधीचं, ते कळतं.”

“कधीचं?”

“गेल्या ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच्या अलीकडे नाही. मेमध्ये तर नाहीच नाही.”

रुस्काने चाकू खाली ठेवला. पण खरा प्रश्न अजून उरला होता. शेवटी तिने तो विचारला. “आणि आई? मी तिला दिला, की तिने मला?”

“त्यांचं मेमधलं रक्तही मागाहून आमच्याकडे आलं. तुमच्या दोघींच्या विषाणूत फक्त एका चुकीचा फरक आहे,” इस्क्रा हळू म्हणाली. “तुमच्यात एक जास्त. म्हणजे कदाचित त्यांच्याकडून तुमच्याकडे आला. पण एका चुकीवरून मी तसं म्हणणार नाही.”

“म्हणा ना! कोण बघायला येणार आहे?”

“जे माहीत नाही ते मी म्हणत नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

रुस्काला राग आला. तिने उरलेलं कलिंगड उचलून ठेवलं, खुर्ची आपटली. मग थोड्या वेळाने पुन्हा येऊन बसली. तोशेवने जे माहीत नव्हतं ते बेधडक सांगितलं होतं. ही बाई निदान तसं करत नव्हती.

“काय मिळालं तर कळेल?”

“जुनं रक्त. मेच्या आधीचं. गावात हिवाळ्यात कुणी असं आजारी पडलं होतं का? तोशेव तर हे सगळं कॉम्प्युटरचा अंदाज म्हणून उडवून लावतात. जुनं रक्त मिळालं तर त्यांना उडवता येणार नाही. मी इस्पितळाकडे मागणी केली होती. त्यांनी लिहून दिलं, फ्रीजर रिकामा आहे.”

इस्पितळाची प्रयोगशाळा सांभाळणारी मार्गा रुस्काची शाळेतली मैत्रीण होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रुस्का मागच्या जिन्याशी जाऊन उभी राहिली. मार्गा तिथे सिगारेट ओढत होती. रुस्काला बघताच ती उठू लागली.

“बस गं. पळून कुठे जाशील? फ्रीजरमध्ये काय आहे?”

“सरांनी लिहून दिलंय, रिकामा आहे म्हणून.”

“सरांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. फ्रीजरमध्ये काय आहे?”

मार्गाने राख झटकली. “मला निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, रुस्के.”

“माझी आई गेली, मार्गे. तू तिच्या हातची चीज भरलेली बनित्सा खाऊन मोठी झालीस. आणि चाळिसाव्याला आली नाहीस.”

मार्गाचा चेहरा कसनुसा झाला. तिने सिगारेट जिन्याच्या पायरीवर विझवली. “रक्ताच्या जुन्या नळ्या जाळायला नेणारी गाडी गेल्या ऑक्टोबरपासून आलेली नाही,” ती शेवटी म्हणाली. “सगळं पडून आहे. पण घरच्यांनी मागितल्याशिवाय मी काढू शकत नाही. तुझ्या आईची एप्रिलची नळी ताप येण्याआधीची, ती उपयोगाची नाही. जानेवारीतलं कुणीतरी हवं.” तिने आवाज उतरवला. “मितो काका.”

मितो काका म्हणजे दोब्रा मावशीचा नवरा. जानेवारीत रुस्काच्या आईच्याच वॉर्डात वारला होता.

रुस्का रस्ता ओलांडून दोब्रा मावशीच्या दारात गेली. दार साखळीपुरतं उघडलं.

“जा इथून,” दोब्रा मावशी फटीतून म्हणाली.

“जाते. मितो काका कशाने गेले?”

“ऐंशी वर्षांचा होता. न्यूमोनिया.”

“डोळे लाल झाले होते?”

फटीतला हात साखळीवर गेला.

“अंगावर निळे डाग होते, मावशी?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझ्या आईला होते. काकांचं रक्त अजून इस्पितळात आहे. तुम्ही सही केली तर सोफियावाले तपासतील.”

“म्हणजे तुझं निर्दोषपण माझ्या म्हाताऱ्याच्या रक्तातून काढणार तू?”

“हो,” रुस्का म्हणाली. “आणि ते कशाने गेले ते तुम्हालाही कळेल. तुम्हाला नको असेल तर दार लावा.”

दार लागलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोब्रा मावशी चर्चला जायचे बूट घालून, डोक्याला काळा रुमाल बांधून फाटकाशी उभी होती. “चल,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर चालू नकोस, मागून ये. लोक बघतात.”

इस्पितळाच्या खिडकीशी तिने काठी आपटली. “मला माझ्या नवऱ्याचं रक्त हवंय.”

खिडकीतल्या मुलीने तोशेवांना बोलावलं. ते पांढऱ्या कोटाची बटणं लावत आले. उंच, रुबाबदार, गावातल्या निम्म्या लोकांचे अपेंडिक्स काढलेला माणूस. “आजी, ते केव्हाच नष्ट केलं. कायद्याने ठेवता येत नाही. तुम्हाला उगाच कुणीतरी...” त्यांची नजर मागे उभ्या रुस्कावर गेली. “तुम्हाला लाज नाही वाटत? विधवेच्या दुःखाशी खेळता?”

“खोटं आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

प्रयोगशाळेच्या दारात मार्गा उभी होती. तिने हात खिशात घातले. “दुसऱ्या कप्प्यात आहे. नावानिशी, तारखेनिशी. मार्चमध्ये गेलेल्या पोस्टमनचंही आहे.”

“मार्गा, विचार करून बोल.”

“सहा महिने तेच करतेय, सर.”

पोस्टमनच्या मुलीनेही त्याच दिवशी सही दिली. आता तोशेव म्हणू लागले की तारीख माहीत असली की उत्तर हवं तसं काढता येतं. इस्क्राने ते ऐकलं आणि म्हणाली, “बरं. मला तारीख सांगूच नका, आणि कुठली नळी कुणाची तेही नको.” मार्गाने नोटरीसमोर दोन्ही नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या, एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’ लिहिलं, आणि खऱ्या तारखा एका पाकिटात घातल्या. नोटरीने पाकिटाला लाख लावली. ते फोडायचं गावासमोर, असं ठरलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाचा हॉल भरला. माणसं खिडक्यांतही बसली होती. रुस्का पहिल्या रांगेत मधोमध बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. थोड्या वेळाने डावीकडे मार्गा येऊन बसली, आणि अगदी सुरू व्हायच्या वेळी उजवीकडे, कुरकुर करत, दोब्रा मावशी.

इस्क्रा व्यासपीठावर उभी राहिली. तिने फार काही दाखवलं नाही.

“दोन्ही नळ्यांमध्ये हाच विषाणू आहे. ‘अ’ नळीतल्या विषाणूत सर्वांत कमी चुका आहेत. माझ्या हिशोबाने ती अठ्ठावीस डिसेंबर ते दहा फेब्रुवारी या काळातली असली पाहिजे. ‘ब’ नळी एक मार्च ते पंधरा एप्रिलमधली. आता पाकीट फोडा. मी चुकले असेन तर इथेच, तुमच्यासमोर चुकेन.”

नोटरीने चष्मा पुसला, लाख मोडली. कागद उलगडायला त्याला एवढा वेळ लागला की मागून कुणीतरी ओरडलं, “वाच की बाबा!”

“नळी अ,” तो म्हणाला. “सतरा जानेवारी.”

इस्क्राने आपल्या कागदावर खूण केली.

“नळी ब. बावीस मार्च.”

दोब्रा मावशीने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि हनुवटी त्यांच्यावर टेकली. “म्हणजे म्हातारपणाने नाही गेला,” ती स्वतःशीच म्हणाली. “मी जानेवारीपासून म्हणतेय. माझं ऐकतो कोण?”

इस्क्रा पुढे बोलत होती. “या दोन तारखा धरून पुन्हा मोजलं. मूळ विषाणू गावात माणसांमध्ये पसरू लागला तो नोव्हेंबरच्या आसपास. फार तर डिसेंबरची सुरुवात, मागे गेलं तर ऑक्टोबरचा शेवट. आणखी एक. मार्चमधल्या ‘ब’ नळीत एक वेगळी खूण आहे. तीच खूण मे महिन्यात रुस्काबाईंच्या आईत आणि रुस्काबाईंमध्ये सापडली. म्हणजे या खुणेचा विषाणू बाई गावात उतरायच्या सात आठवडे आधी त्यांच्या आईच्याच वॉर्डात होता. कुठल्या खाटेवरून कुठल्या खाटेवर गेला ते मला सांगता येणार नाही. पण तो बसमधून आला नाही.”

रुस्काने ओठ घट्ट मिटले. रडायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं. चार महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि त्याच्या जागी लगेच संताप आला. मार्चमध्येच कुणी पाहिलं असतं, तर आईला त्या खाटेवर झोपवलंच नसतं.

तोशेव उभे राहिले. “ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात! म्हणजे डॉक्टरबाईंना नक्की तारीख ठाऊक नाही. याला विज्ञान म्हणायचं?”

“जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगणं, यालाच म्हणायचं,” इस्क्रा म्हणाली.

“मग आणला कुणी?” खिडकीतून एक माणूस ओरडला. “तेवढं सांगा!”

“ठाऊक नाही. बहुधा कुठल्यातरी प्राण्याकडून आला. आम्ही शोधतोय.”

हॉलमध्ये कुजबुज वाढली. लोकांना नाव हवं होतं, आणि नाव मिळत नव्हतं. रुस्का उठली. ती माईकपाशी गेली नाही, जागेवरूनच वळली.

“तोशेव डॉक्टर, त्या महिन्या-दीड महिन्यातला कुठलाही दिवस निवडा. तुमच्या मर्जीचा. त्या दिवशी मी फेर्रारात एका शहाण्णव वर्षांच्या बाईच्या पायाला मलम लावत होते. आता तुम्ही सांगा, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? याच इस्पितळात. जानेवारीत मितो काकांचे लाल डोळे तुम्ही पाहिलेत. मार्चमध्ये पोस्टमनचे पाहिलेत. दोघांच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलंत. चूक झाली, ठीक आहे, माणसाची होते. पण मेमध्ये तुम्हाला कळलं होतं. सोफियाचं पत्र आलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत, कारण मी बाहेर राबायला गेलेली बाई. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी बाहेर राबतंय. उद्या त्यांच्यातलं कुणी आईला भेटायला येईल.” ती लोकांकडे वळली. “आणि तुम्ही. मला माफी नको. माझ्या घरी येऊन रडू नका. बेकरीत पाव हातात द्या, तेवढं पुरे.”

ती बसली. टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक बाई रडत होती, दोघे-तिघे उठून बाहेर गेले. तोशेव काही बोलणार होते; पण दोब्रा मावशीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते खाली बसले.

ऑक्टोबरमध्ये ते ‘प्रकृतीच्या कारणाने’ पदावरून दूर झाले. मेमध्ये ‘पहिली रुग्ण’ म्हणून रुस्काचा फोटो छापणाऱ्या बातम्यांच्या संकेतस्थळाने दोन ओळींचा खुलासा टाकला, तोही हवामानाच्या खाली. मार्गाची बदली तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. आणि एका सकाळी इस्पितळाचा वकील रुस्काच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तरुण, गोड बोलणारा.

“इस्पितळ मे महिन्याचं निवेदन मागे घेईल, मॅडम. शांतपणे. तुम्ही फक्त इथे सही करा, की पुढे तक्रार करणार नाही.”

“निवेदन केलं तेव्हा शांतपणे केलं होतं?”

“अहो, पण यात तुमचंच भलं आहे. कोर्टात वर्षं जातात.”

“माझ्याकडे वर्षं आहेत. मी आजारी पडून बरी झालेली बाई आहे,” रुस्का म्हणाली. “कॉफी प्या आणि निघा.”

तिने इस्पितळावर दावा टाकला. सोबत मार्गाने बदलीविरुद्ध टाकला, आणि दोब्रा मावशीनेही, मितो काकाच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलून मिळावं म्हणून. नोव्हेंबरात रुस्का फेर्राराला कामावर गेली. जाताना बसच्या पायरीवर उभी राहून सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “परत येणार आहे! फेब्रुवारीत!”

फेब्रुवारीत ती आली. जिल्ह्याच्या कोर्टात थंडी इतकी की साक्षीदार कोट घालूनच बसले होते. दोब्रा मावशीने कागदात गुंडाळून चीजचे सँडविच आणले होते आणि न्यायाधीश यायच्या आधीच ती ते वाटत होती.

कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाला, “राहण्याचं ठिकाण? फेर्रारा, इटली?”

“नाही. ब्रेस्तोवो.”

कारकुनाने कागदाकडे पाहिलं. “पण इथे लिहिलंय तुम्ही इटलीत...”

“तिथे मी काम करते,” रुस्का म्हणाली. “राहते ब्रेस्तोवोत. लिहा.”

कारकुनाने आधीचं खोडलं आणि लिहिलं.